टिपणीसांच्या गाडीचा मागचा आवाज

१

गॅरेजात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं, 'आवाज येतोय.' कुठून येतोय, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबल्यावर की सोडल्यावर, सरळ रस्त्यावर की वळणावर, असं विचारलं की न वाचलेल्या धड्यावर प्रश्न आल्यासारखा त्याचा चेहरा होतो. मग तो तोंडाने आवाज काढून दाखवतो. कडक इस्त्रीच्या शर्टातले मॅनेजर माझ्यासमोर उभे राहून 'घुंऽऽ' करताना मी पाहिलेत. मी गंभीरपणे ऐकून घ्यायचो आणि म्हणायचो, 'अजून एकदा करा.'

मी नवनाथ. मूळ अमळनेरचा, पण काम शिकलो मुंबईत, ऑपेरा हाउसमागच्या एका गल्लीत. तिथे विलायती गाड्यांशिवाय दुसरं काही आत येत नसे. उस्ताद गेला, जागा विकली गेली आणि शहाऐंशी साली मी सिल्वासाला येऊन डोकमर्डीत गॅरेज टाकलं. टॅक्स माफ म्हणून इथे रोज नवा कारखाना उभा राहत होता. त्यांचे टेंपो माझ्या वाट्याला आले. सूत वाहणारे, प्लास्टिकचे दाणे वाहणारे, कोंबड्यांच्या खुराड्यासारखे हलणारे. हे काम माझ्या लायकीचं नाही, हे मी कोणालाही विसरू दिलं नाही. सिल्वासात मला मान होता. बसून चहा प्यावा असं कोणाला वाटत नसे.

मागच्या एक्सलचा आवाज ओळखणं हे सगळ्यात अवघड काम. पाय दाबल्यावर घुमला तर क्राऊन-पिनियनचे, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांना देणाऱ्या दातेरी चाकांचे, दात, पाय सोडल्यावर घुमला तर पिनियनचं बेरिंग, वळणावर बदलला तर चाकाचं बेरिंग. हे पुस्तकात कोणालाही वाचता येतं. पण मागे चार ठिकाणी गडबड असते आणि सगळीकडचा आवाज एकाच नळीतून कानाशी येतो. तो वेगळा करणारा कान सिल्वासात एकच होता. त्या कानाचा मला गर्व होता, आणि गर्वाचं कारणही होतं.

२

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत सुधाकर टिपणीस गाडी घेऊन आले. एका सूत कारखान्याचे मॅनेजर, मूळ दादरचे. त्यांनी दमणच्या एका म्हाताऱ्या पारशाकडून अठ्ठावन्न सालची इंग्रजी गाडी घेतली होती. दोन सीट, उघडा टप, गडद हिरवा रंग. अशा गाडीला मी सहा वर्षांत हात लावला नव्हता. ती पाहून बरं वाटलं. तिच्यातून उतरणारा माणूस पाहून वाटलं नाही. टिपणीसांनी ती चालवायला कातडी हातमोजे आणले होते.

"नवनाथ, मागून आवाज येतोय रे. घुंऽऽ असा."

"अजून एकदा करा, साहेब."

त्यांनी केला.

पुढच्या महिन्यात नाशिकला त्यांच्या मुलीचा, प्राजक्ताचा साखरपुडा होता. तिथे ह्या गाडीतून उतरायचं, बाजूला बायको मालतीबाई, आणि व्याह्यांनी बघत राहायचं, असा एकूण बेत होता. त्यासाठी आवाज जायला हवा होता.

मी डावीकडे बसलो, ते चालवायला. किलवणीच्या बाजूचा रस्ता मोकळा असतो. पाय दाबल्यावर थोडा घुमत होता, सोडल्यावर जास्त. पिनियनचं बेरिंग. पाच मिनिटांत निकाल लागला होता. पण एक गोष्ट कानाला खुपत होती आणि काय ते कळत नव्हतं.

मग कळलं. काटा चाळीस मैलांवर होता आणि मागचा स्वर उतरायला लागला. पिनियन ज्या वेगाने फिरतो तो स्वर, त्यात दुसरं काही असू शकत नाही. गाडी चाळीसवर राहिली आणि स्वर तीसचा झाला, वीसचा झाला, मग बंद पडला. दोन-तीन श्वास गेले. तेव्हा झाडाआडून एक बैलगाडी रस्त्यावर आली आणि टिपणीसांनी ब्रेक दाबून गाडी उभी केली.

पुढे मी नीट लक्ष दिलं. स्वर चढायचा, मग गाडी वेग घ्यायची. स्वर पडायचा, मग खड्डा यायचा.

मी स्वतःला समजावलं. माणूस आवाजाच्या नादाने पाय हलवतो, त्याला पत्ताही नसतो. आवाज उतरला की पायही सैल होतो. आणि बैलगाडी? ती त्यांना आधीच दिसली असेल. चौतीस वर्षांचा जुना काटा, त्याचा काय भरवसा. जे काही सांगता येण्यासारखं होतं ते सांगून झालं, आणि मी टिपणीसांना म्हणालो, "बेरिंग गेलंय. गाडी सोडून जा."

३

एक्सल खाली घेतला, उघडला. बेरिंग खरंच गेलं होतं. त्याच्या आतल्या कड्यावर नखाएवढी जागा फुटली होती. मला फार समाधान वाटलं. मुंबईहून नवं मागवलं, बसवलं, तेल भरलं.

त्या आठवड्यात टिपणीसांच्या कारखान्याचा ड्रायव्हर चिंधा रोज विचारायला यायचा. नंदुरबारकडचा, पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ. साहेबांची जीप तो चालवायचा आणि ही हिरवी गाडी रोज पुसायचा. माझ्याशी अहिराणीत बोलायचा. मी मुद्दाम शुद्ध बोलायचो.

"मिस्तरी, एक सांगू का? हसू नका," तो म्हणाला. "त्या गाडीना आवाज पयले येस. गाडी मंग चालस."

मी हातातलं फडकं खाली ठेवून हसलो. त्यावर पोट धरून हसण्यासारखं काही नव्हतं, तरी हसलो. हेच मी बैलगाडीपाशी ऐकलं होतं, पण चिंध्याच्या तोंडून ते ऐकणं मला कमीपणाचं वाटलं. ज्याला बेरिंग आणि बुश ह्यातला फरक ठाऊक नाही, त्याला माझ्याइतकंच ऐकू यावं?

टिपणीस गाडी घ्यायला आले तेव्हा मी ती गंमत त्यांना सांगितली. त्यांनी कारखान्यात सांगितली. दुसऱ्या दिवसापासून तिथली पोरं चिंध्याला 'ज्योतिषी' म्हणायला लागली. पाळी सुटली की त्याच्यासमोर हात पसरून उभी राहायची. तो जीप पुसत राहायचा. हे मला त्यानेच नंतर सांगितलं, आणि तेही तक्रारीच्या सुरात नाही.

चार दिवसांनी गाडी परत आली. "आवाज अजून आहेच," टिपणीस म्हणाले, "आणि कधीही येतो. गाडी हळू असताना जोरात, जोरात असताना बंद. काय काम करतोस रे तू?"

४

मी ठरवलं की हे एकदाचं मोडून काढायचं. मोजल्यावर असल्या गोष्टी टिकत नाहीत. चिंध्याला चालवायला बसवलं. खरं कारण वेगळं होतं, तो खोटा ठरताना समोर असावा. मी डावीकडे कागद, पेन्सिल आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन बसलो. त्याला एवढंच सांगितलं, "तीसवर ठेव. मला काही विचारू नको."

अकराला पाच कमी असताना निघालो. मी गाडीकडे बघायचं नाही, फक्त आवाज लिहायचा, असं ठरवलं होतं. चढला, लिहिलं. उतरला, लिहिलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी आवाज पूर्ण थांबला. गाडी तीसवर छान चालली होती, वारा तोंडावर येत होता, आणि मागे काही नाही. बरोबर दोन मिनिटांनी आवाज पुन्हा सुरू झाला, पहिल्या गिअरचा, मग दुसऱ्याचा, कोणीतरी थांबून निघाल्यासारखा.

मी घड्याळ बघत बसलो. किलवणी मागे पडलं. साडेअकराला चिंध्याने ब्रेक दाबला.

"का थांबवलीस?"

"बाई शे," तो म्हणाला आणि उतरला.

रस्त्याच्या कडेला एक वारली बाई उभी होती. तिच्या डोक्यावरची मोळी सुटून लाकडं रस्ताभर पसरली होती. चिंध्याने ती एकेक करून गोळा केली, वेलीने बांधली, तिच्या डोक्यावर चढवून दिली. मी खाली उतरलो नाही. मी घड्याळ बघत होतो. तो परत आला तेव्हा दोन मिनिटं झाली होती.

त्याने पहिला टाकला, मग दुसरा.

कागदावर त्याच्यापुढेही बरंच लिहिलेलं होतं. अकरा पंचवीसला छोटा थांबा. बारा वाजायला पंधरा कमी असताना म्हशी आडव्या आल्या, म्हणजे आवाज आता वीस मिनिटं पुढे होता. कागद मी घडी करून खिशात ठेवला. माणसाच्या पायाला आवाजाचा नाद लागतो, हे मला अजून म्हणता आलं असतं. लाकडाच्या मोळीला कसला नाद लागतो, हे सांगता येईना.

चिंधा 'बघा' म्हणाला नाही. गॅरेजाशी गाडी लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मिस्तरी, हाई तुमनी चूक नई."

कोणी शिवी दिली असती तर मला इतकं लागलं नसतं. चिंधा माझी समजूत घालत होता.

५

मी पुन्हा सगळं उघडलं. दुसरं काय करणार होतो? ज्याला एकच काम येतं तो तेच करतो. क्राऊन-पिनियनचे दात शेंदूर लावून तपासले. कुठे लागतात, किती लागतात, त्या खुणा बघून पातळ चकत्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. अकरा वेळा जोडून उघडला. शेवटी शेंदूर दाताच्या बरोबर मधोमध पुसला गेला, तांदळाच्या दाण्याएवढा, प्रत्येक दातावर सारखा. इतकं चोख काम माझ्या उस्तादानेही केलं नव्हतं. दाखवायला कोणी नव्हतं.

बुधवारी सकाळी मागची चाकं वर उचलून एक्सल लोखंडी घोड्यांवर टेकवला. इंजिन चालू केलं, तिसरा गिअर टाकला, वेग तीसवर बांधून ठेवला. चाकं हवेत फिरायला लागली. मी खाली आडवा होऊन पेचकसाचं टोक एक्सलच्या लोखंडी कवचाला आणि मूठ कानाला लावली.

चाकं एकसारखी तीसने फिरत होती. आवाज फिरत नव्हता. आवाज निघाला, थांबला, निघाला. सपाट रस्ता होता. मग चढ लागला, दुसरा गिअर, पहिला, पुन्हा दुसरा. मी घाट ऐकत होतो. वळणावर वळण. किती वेळ पडून होतो कोण जाणे, सिमेंटच्या थंडीने पाठ बधिर झाली. मग उतार लागला. पाय सोडल्यावरचा तो हलका घुमारा सुरू झाला आणि चढत गेला. पन्नास, साठ. गिअर बदलला नाही. घाटात कोणी साठने उतरत नाही. स्वर आणखी चढला, माझे दात शिवशिवले.

आणि बंद.

ठोकल्याचा आवाज नाही, ब्रेकचा नाही. नुसता बंद. चाकं अजून फिरत होती, इंजिन चालू होतं, मुठीतून कंप हाताला लागत होता. पण आवाज नव्हता. दाताला दात लागताना थोडी तरी कुजबुज होतेच, नव्या एक्सललाही असते. इथे तीही नव्हती. मी वाट पाहिली. मोळीच्या वेळी तो दोन मिनिटांनी परत आला होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

"वा," वरून टिपणीसांचा आवाज आला. "गेला की रे."

मी बाहेर सरकलो. टिपणीस आणि मालतीबाई दारात उभे होते. मालतीबाई शांत स्वभावाच्या, माझ्याशी अहोजाहोने बोलणाऱ्या. त्यांनी फिरणाऱ्या चाकांकडे वाकून पाहिलं.

"किती छान," त्या म्हणाल्या. "काहीच ऐकू येत नाही."

६

शुक्रवारी सकाळी ते निघणार होते. खानवेल, जव्हार आणि पुढे घाटाने नाशिक.

"साहेब," मी म्हणालो, "ह्या गाडीने जाऊ नका."

"का? काय राहिलंय?"

काय सांगणार होतो? काही राहिलं नव्हतं. काम पूर्ण झालं होतं, तेच सांगायचं होतं. मी म्हणालो, "हिचा आवाज जरा वेगळा आहे. आधी येतो. आणि आता तो संपलाय."

टिपणीसांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखत होतो. ती माझीच होती. तीच मी सहा वर्षं सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवली होती.

"चिंध्याच्या नादाला लागलास तू पण," ते म्हणाले. "कारखान्यात सांगायला हवं, आता दोन ज्योतिषी झाले."

मालतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला हळूच विचारलं, "काही धोका आहे का, नवनाथ? नीट सांगा. मी ह्यांना थांबवते."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. घाट, उतार, तो साठचा स्वर. पण टिपणीस बघत होते, ओठाचा कोपरा वर करून. मी म्हणालो, "नाही बाई. घोड्यावरून उतरवून उद्या एकदा तपासतो, एवढंच."

ते गेल्यावर मी एक्सल परत उघडला. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या खुणा पुसल्या नव्हत्या. पिनियन वाइसमध्ये धरला, छिन्नी लावली आणि हातोड्याने तीन दात उडवले. असा पिनियन पुन्हा मिळत नाही, मुंबईतही नाही, ती गाडी आता वर्षभर हलणार नव्हती. ज्या माणसाला मी तुच्छ मानत होतो त्याच्यासाठी मी माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मोडलं. हे लिहिताना मला वाटतं की त्यात थोडा मोठेपणा होता. तेव्हा मला वाटलं, की बस्स, आता सुटलो.

गुरुवारी टिपणीसांना फुटलेला पिनियन दाखवला. म्हणालो, "कच्चं पोलाद होतं, साहेब. ताण देताना गेला."

त्यांनी तो हातात घेतला, परत माझ्या हातात टाकला. "मुंबईत चौदा वर्षं तू झाडू मारत होतास काय," ते म्हणाले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा अपमान मला गोड लागला.

७

पुढे काय झालं ते तेव्हा सिल्वासात असलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्या बातम्याही आल्या होत्या. ते मी सांगणार नाही. मी तिथे नव्हतो. मी शुक्रवारी सकाळी नऊ वाजता माझ्या गॅरेजाच्या दारात होतो, तेवढंच सांगतो.

कारखान्याची जीप खानवेलच्या रस्त्याला जाताना माझ्या दारासमोर थांबली. टिपणीस पुढे बसले होते, सुटात. मागे मालतीबाई, मांडीवर साखरपुड्याच्या साडीचा खोका. टिपणीसांना त्यांचे हातमोजे हवे होते, ते हिरव्या गाडीत राहिले होते. ज्या गाडीतून उतरायचं नव्हतं तिचे हातमोजे. मी आणून दिले.

चिंधा चालवत होता. हिरव्या गाडीत दोन सीट होत्या. जीपमध्ये चिंधा तिसरा होता. हे माझ्या डोक्यात त्या वेळी आलं नाही. थोड्या वेळाने आलं.

त्या जीपचा मागचा एक्सल वर्षानुवर्षं रडत होता. चौकात असली तरी मला गॅरेजात कळायचं की ती येतेय. मॅनेजरला ते रडणं कधी ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे तो दुरुस्तही झाला नव्हता. चिंध्याने गिअर टाकला. इंजिनने पुढे नेहमीसारखी घरघर केली. जीप हलली, दोन हात पुढे आली, चार हात आली.

मागून काही आवाज आला नाही.

मी तिच्या पुढ्यात जाऊन बॉनेटवर दोन्ही हात ठेवले. काय बोललो ते आठवत नाही. थांबा म्हणालो असेन. उतरा म्हणालो असेन. टिपणीस काचेतून बघत राहिले, मग डोकं बाहेर काढून म्हणाले, "आता काय, जीप पण मोडायची आहे?"

मालतीबाई म्हणाल्या, "अहो, त्यांचं ऐकून तर घ्या."

"मुहूर्त काय ह्याच्यासाठी थांबणार आहे? चल रे."

चिंधा मात्र खिडकीतून बाहेर वाकला होता, मागच्या चाकाकडे कान करून. बराच वेळ तसाच होता. त्याला ऐकू आलं होतं. म्हणजे जे मला ऐकू येत नव्हतं ते त्यालाही येत नव्हतं. त्याने वर पाहिलं. मी त्याच्या नजरेत राग शोधला, भीती शोधली. त्याने गळ्यातली माळ शर्टाच्या आत सारली, एवढंच केलं.

"चिंधा," मी म्हणालो, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा अहिराणीत बोललो, "जाऊ नको रे भो."

"साहेब सांगस," तो म्हणाला. "बाजूला व्हा, मिस्तरी. पायावर चाक जाई."

मी बाजूला झालो.

जीप निघाली. खानवेलचा रस्ता तिथे सरळ आहे, दूरवर दिसतो, दोन्ही बाजूला झाडं. ऊन छान पडलं होतं. थोडं अंतर गेल्यावर इंजिनचाही आवाज येईनासा झाला. डोळ्यांना जीप दिसत होती, तिच्यामागे धूळ उडत होती, मालतीबाईंच्या साडीचा पदर मागच्या बाजूने फडफडत होता, आणि कानांना काही नव्हतं. तिच्यापुढे चाललेल्या सायकलची साखळी मला ऐकू येत होती.

मग चालवणाऱ्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. उजवीकडे सरळ ताठ झाला आणि तसाच राहिला, वळताना दाखवतात तसा.

त्या रस्त्याला तिथे वळण नाही.